लाईटीवर खापर

"तुमच्याकडची लाईटच खराब, त्याला कंपनी काय करणार?"

नवा लॅपटॉप घेऊन आठवडा झालेला नसतो. पडदा लुकलुकायला लागतो, नाहीतर मधोमध उभी रेघ येते, नाहीतर झाकण उघडलं की नुसता काळोख. निमगाव केतकीचं, सुप्याचं किंवा लासुर्ण्याचं गिऱ्हाईक तो पिशवीत घालून बारामतीच्या दुकानात परत येतं आणि काउंटरपलीकडून हे वाक्य ऐकतं. पाठोपाठ दुसरं येतं, "ठेवून जा, विंडोज मारून देतो." तेवढ्यानं भागलं नाही तर तिसरं, "मग पुण्याला न्यावा लागेल." ही वाक्यं एखाद्या दुकानाच्या मालकीची नाहीत. कॉम्प्युटरच्या क्लासचे मास्तर, पाहुण्यांतला 'त्यातलं कळणारा' भाचा आणि खुद्द गिऱ्हाईकसुद्धा ती खरी मानून चालतं. फसवायचा हेतू त्यात बहुधा नसतो. समजूत प्रामाणिक आहे म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवं. लबाडीला एवढे कष्ट लागत नाहीत.

माझं म्हणणं असं की नव्या लॅपटॉपच्या पडद्याचा दोष कुठे आहे, हे न तपासता केलेला प्रत्येक उपाय मालकाचं नुकसान करतो. ही तपासणी घरी, चार्जर आणि टीव्हीची एक केबल एवढ्या सामानावर होते. बारामती-इंदापूरच्या माणसाला ती जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना हा भाग माहीत नसावा. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंग बनतात. त्याच तालुक्यात लॅपटॉपचं झाकण हलवून पाहायला पुण्याचा माणूस लागतो, हे मला पटत नाही.

आधी लाईटीचं पाहू, कारण हा युक्तिवाद सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत पटणारा आहे. पटतो त्यालाही कारण आहे. इथल्या माणसानं लाईटीनं केलेलं नुकसान डोळ्यांनी पाहिलंय. डीपीवर भार वाढला, व्होल्टेज खाली आलं, मोटर जास्त करंट ओढायला लागली आणि वाइंडिंग जळालं, हे नीरा डाव्या कालव्याच्या दोन्ही अंगांना कोणत्याही बागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. गावठाण फीडरवर घर असेल तर जरा बरं. वस्तीवर, शेती फीडरच्या शेवटच्या खांबाजवळ राहणाऱ्याच्या घरात संध्याकाळी बल्ब पिवळा होतो आणि पंखा रेंगाळतो. नियमानं घरगुती पुरवठ्याचं व्होल्टेज सहा टक्क्यांपलीकडे वरखाली होऊ नये. नियम आणि वस्ती यांची गाठ क्वचित पडते. अशा माणसाला कुणी म्हटलं की तुमचा लॅपटॉपही लाईटीनंच बिघडला, तर तो मान हलवून घरी जातो.

पण लॅपटॉप म्हणजे पाण्याची मोटर नव्हे. चार्जरच्या वीटकुरीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचावं: इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. अमेरिका-जपानातल्या शंभर-सव्वाशे व्होल्टपासून आपल्या दोनशे तीसपर्यंत एकच चार्जर चालावा म्हणून तो तसा बनवलेला असतो. वस्तीवर व्होल्टेज १८० वर आलं तरी तो आपल्या मर्यादेच्या बराच आत असतो आणि बाहेर देतो ती वीस व्होल्टच्या आसपासची एकसारखी डीसी. ती मदरबोर्डवर आणखी खाली उतरते. पॅनेलच्या इलेक्ट्रॉनिक्सला ३.३ व्होल्ट लागतात. मागच्या एलईडी दिव्यांना वेगळं सर्किट ठरावीक करंट पुरवतं. भिंतीतल्या सॉकेटपासून पडद्यावरच्या ठिपक्यापर्यंत इतके टप्पे आहेत, आणि मध्ये बॅटरी बसलेली आहे. खांबावरच्या चढउतारानं पडदा फडफडावा, असा सरळ रस्ताच तिथे नाही.

आणि वादाची गरज तरी काय? चार्जर काढा. बॅटरीवर लॅपटॉप चालू ठेवा. पडदा तसाच लुकलुकत असेल तर महावितरण त्या क्षणी आरोपातून सुटली. इतकी साधी चाचणी ज्या काउंटरवर होत नाही, तिथे लाईटीचं नाव घेणं म्हणजे पंचनामा न करताच आरोपी ठरवणं.

यावर दुकानदार म्हणेल, "साहेब, आम्ही पाहिलंय. लाईट जाते-येते तेव्हाच पडदा मिचकतो." पाहिलं ते खरं, लावलेला अर्थ चुकीचा. चार्जरवर असताना पडद्याची चमक वेगळी आणि बॅटरीवर वेगळी, अशी सोय कंपन्या करून ठेवतात. १२० किंवा १४४ हर्ट्झवर चालणारे पुष्कळ पडदे चार्जर सुटला की आपोआप ६० वर उतरतात, आणि तो बदल होताना पडदा क्षणभर काळा पडतो. इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही ग्राफिक्समध्ये बॅटरी वाचवणारी एक खुबी असते. पडद्यावर काळोखं चित्र आलं की मागचा दिवा मंद करायचा, पांढरं पान आलं की वाढवायचा. एक्सेलमधून सिनेमात आणि सिनेमातून एक्सेलमध्ये गेलं की पडदा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ही खुबी बंद करता येते. म्हणजे लाईट गेल्यावर पडदा मिचकला हे निरीक्षण जागेवर राहतं. त्यातून 'लाईटीनं पडदा बिघडला' एवढं मात्र निघत नाही. दिवसातून अनेकदा लाईट जाते-येते तिथे हा बदल अनेकदा दिसतो. पुण्यात तोच लॅपटॉप तेच करतो, पण तिथे लाईट क्वचित जाते म्हणून कुणाच्या नजरेस येत नाही.

विजेचा संबंध जिथे खरोखर आहे, ती जागा मात्र या वादात कुणी पाहतच नाही, आणि ती म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायर नसते. अशा सॉकेटवर लॅपटॉप चार्जिंगला लावला की धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, टचपॅडवरचा बाण उड्या मारतो, टचस्क्रीन बोट न लावता स्वतःच दाबली जाते. एचडीएमआयनं टीव्ही जोडला तर टीव्हीवर फडफड येऊ शकते. हा दोष घराचा, आणि इलाज वायरमनकडे. वळवाच्या पावसात कडाडून वीज पडते तेव्हा चार्जर काढून ठेवावा, हेही शहाणपणाचं. पण स्टॅबिलायझर? चार्जर जे काम जन्मजात करतो त्याच कामाचं दुसरं यंत्र विकत घ्यायला लावणं हा सल्ला मला धंदेवाईक वाटतो. तेवढ्या पैशात अर्थिंग होतं.

आता विंडोज मारण्याकडे, म्हणजे ती पुसून नव्यानं बसवण्याकडे वळू. माझा खरा राग इथे आहे.

बारामतीतच, शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात, कित्येक वर्षं शेतकऱ्याला सांगितलं जातंय की माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका. अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये उभी केलेली अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आज उसाला पाणी किती आणि कधी द्यायचं हे उपग्रह, सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं सांगू पाहते. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला या प्रयोगाचं जाहीर कौतुक केलं. त्याच मायक्रोसॉफ्टची विंडोज त्याच बारामतीत मात्र माती न तपासता युरिया फेकावा तशी मारली जाते. रेघ आली, मारा विंडोज. पडदा काळा, मारा विंडोज. झाकण हलवल्यावर फडफडतं, तरीही मारा विंडोज.

पडद्याला सॉफ्टवेअरचे आजार होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. होतात, आणि नव्या लॅपटॉपला पहिल्या आठवड्यात जास्तच होतात. इंटरनेट जोडलं की अपडेट येतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो, आणि एखादी आवृत्ती एखाद्या पॅनेलशी जमत नाही. पण हे ओळखण्याची रीत खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगून ठेवली आहे, आणि ती एका मिनिटाची आहे. पडदा लुकलुकत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. बाकीच्या पडद्याबरोबर तोही लुकलुकत असेल तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर. बाकी सगळं लुकलुकतं आणि तो एकटा स्थिर असेल तर एखादं न जमणारं अॅप. ड्रायव्हर असेल तर तो मागच्या आवृत्तीवर नेता येतो, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलचा घेऊन बसवता येतो. पडदा अचानक काळा पडून लॅपटॉप चालूच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबावीत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो. हे सगळं करून संपतं तेव्हा विंडोज मारणाऱ्याचा पेनड्राइव्हसुद्धा ड्रॉवरमधून बाहेर आलेला नसतो.

बरं, विंडोज मारल्यावर होतं काय? कंपनीनं त्या पॅनेलसाठी बसवलेले ड्रायव्हर जातात. परत मूळ अवस्थेत आणणारा राखीव भाग अनेकदा त्याच झटक्यात पुसला जातो. नव्या लॅपटॉपच्या विंडोजचा परवाना मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असतो आणि बहुतेक वेळा तो होम आवृत्तीचा. पेनड्राइव्हवर असते कुठून तरी मिळवलेली प्रो. पैसे मोजून अधिकृत विंडोज घेतलेला माणूस दुकानातून चोरीची विंडोज घेऊन बाहेर पडतो, आणि सोबत मिळालेलं ऑफिस परत मिळवायचा खटाटोप वेगळाच. त्यात गंमत अशी की नुकत्याच बसवलेल्या विंडोजला ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर सापडेपर्यंत ती एका कामचलाऊ ड्रायव्हरवर चालते. अक्षरं जाडीभरडी होतात, चमक कमी-जास्त करायची पट्टी गायब होते. एक दोष घेऊन आलेलं गिऱ्हाईक दोन घेऊन जातं.

आणि सगळ्यांत मोठं नुकसान तर दिसतच नाही. ते दिवसांचं असतं. खरेदीपासून ठरावीक मुदतीत यंत्र सदोष निघालं तर ते बदलून देण्याची सोय बहुतेक कंपन्या ठेवतात. मुदत कंपनीगणिक आणि विक्रेत्यागणिक वेगळी, पण ती दिवसांत मोजली जाते, महिन्यांत नव्हे. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं 'जन्मतः सदोष' असा दाखला द्यावा लागतो. हे दिवस लॅपटॉप दुकानाच्या कपाटात विंडोजची वाट पाहत पडला, मग 'दोन दिवस वापरून बघा' म्हणून घरी गेला, मग पुन्हा आला, की मुदत सरते. त्यानंतर हक्क उरतो तो दुरुस्तीचा. नवं पॅनेल वॉरंटीत फुकट बसेल, पण ते बसवायला झाकण उकललं जाईल आणि मालकाच्या हातात दोन आठवड्यांचा दुरुस्त केलेला लॅपटॉप येईल, ज्यासाठी त्यानं नव्याचे पैसे मोजले होते. गावातल्या कुणी 'जरा बघतो' म्हणून चौकट उचकटली असेल तर कंपनी तेवढ्यावरही हात वर करू शकते.

म्हणून तपासणी आधी, आणि ती मालकानं स्वतः करावी. कशी, ते सांगतो, कारण 'हे आपलं काम नव्हे' हाही एक युक्तिवादच आहे आणि त्याला उत्तर फक्त कृतीनं देता येतं.

लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ-टू किंवा डिलीट, काही कंपन्यांत एफ-टेन, असं एखादं बटण दाबत राहिलं की बायोसचा पडदा येतो. विंडोज अजून सुरूच झालेली नसते. तिथे दहा मिनिटं थांबावं. तिथेही फडफड किंवा रेघ असेल तर दोष यंत्रात आहे. हे दृश्य मोबाइलवर चित्रित करावं, कारण विंडोज मारण्याच्या सल्ल्याचा निकाल लावायला ही एकच फीत पुरते. जी विंडोज अजून उठलेलीच नाही ती पडद्यावर रेघ ओढणार कशी?

विंडोजमध्ये रेघ दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर पाठवावा. मोबाइलवरही रेघ दिसली तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे ग्राफिक्स किंवा त्याचा ड्रायव्हर. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर ते तयार चांगलं होतंय, पडद्यापर्यंत पोचताना किंवा पोचल्यावर खराब होतंय, म्हणजे केबल किंवा पॅनेल. मला स्वतःला ही चाचणी सगळ्यांत आवडते. तिला काहीही लागत नाही आणि ती वाद घालत बसत नाही.

घरातला टीव्ही एचडीएमआय केबलनं जोडून पाहावा. लॅपटॉपचा पडदा काळा आणि टीव्हीवर सगळं व्यवस्थित, तर ग्राफिक्स आणि विंडोज बहुधा शाबूत आहेत. त्याआधी विंडोज आणि पी दाबून चित्र फक्त बाहेरच्या पडद्याकडे वळलेलं नाही ना, हे बघून घ्यावं. कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोडून आणलेल्या लॅपटॉपचा हा नेहमीचा घोळ आहे, आणि त्यातून बिचाऱ्या पॅनेलवर फुकटचा आळ येतो. काळ्या पडद्यावर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारावा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल चित्र काढतंय, फक्त मागचा दिवा पेटत नाहीये. मग झाकण हळूहळू पुढे-मागे करावं. ठरावीक कोनात चित्र येतं आणि जातं, असं झालं तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल सैल किंवा दबलेली आहे. कारखान्यात नीट न बसलेली ही केबल नव्या लॅपटॉपमध्येही सापडते.

झालं. एवढ्यावर दुकानात जाताना माणूस 'स्क्रीन प्रॉब्लेम आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, बायोसमध्ये फडफडतं, बॅटरीवरही फडफडतं, टीव्हीवर फडफडत नाही, झाकण शंभर अंशांपलीकडे नेलं की थांबतं. या माणसाला 'लाईट' सांगणं अवघड आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा. दुकानदार म्हणतात की निम्म्या तक्रारी खोट्या असतात. 'खोट्या' हा शब्द सोडला तर ते बरोबर आहेत. रात्रीचा पिवळा प्रकाश चालू राहिलेला असतो आणि गिऱ्हाईक पडदा पिवळा पडल्याचं सांगत येतं. चौदा इंची फुल एचडी पडद्यावर अक्षर दीडशे टक्के मोठं केलेलं असतं आणि जुनं पेजमेकर त्यावर धुरकट दिसतं. लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवणाऱ्या आपल्या डीटीपीवाल्यांचं आजही पेजमेकर ७ आणि जुन्या मराठी फाँटांवर पोट आहे. २००१ सालचं ते सॉफ्टवेअर, त्याला आजच्या दाट पडद्यांची कल्पनाच नाही. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली डीपीआयचं सेटिंग बदललं की अक्षर बरंचसं सुधारतं. हा दोष लॅपटॉपचा नव्हे, मान्य.

पण रंगांच्या तक्रारीचं तसं नाही. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये '४५ टक्के एनटीएससी' नावाचं पॅनेल सर्रास घातलं जातं. छायाचित्रांसाठी जे प्रमाण रंगविश्व धरतात, त्याचा साधारण दोन-तृतीयांश भागच ते दाखवू शकतं. लाल त्यावर विटकरी दिसतो, हळदीचा पिवळा फिका पडतो. इंदापूरच्या एखाद्या फोटोग्राफरनं लग्नाचा अल्बम अशा पडद्यावर जुळवला, रंग मरतुकडे दिसले म्हणून चढवले, आणि छापून आल्यावर नवरा-नवरीचे चेहरे टोमॅटोसारखे निघाले, तर चूक कुणाची? चमकही अशा पडद्यांची २५० निट्सच्या घरात. ट्यूबलाईटखाली पुरते, पडवीत बसलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. दुकानदार म्हणतो, स्वस्त मागितलं, स्वस्त मिळालं. मागितलं खरं. पण प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी किती हे कार्डावर ठळक लिहिणाऱ्यानं पॅनेलचा आकडा का लिहिला नाही? कंपनीच्या तपशीलपत्रकात तो असतो. ज्या भागाकडे माणूस दिवसभर पाहणार त्याच भागाबद्दल विक्रेता गप्प राहत असेल, तर नंतर गिऱ्हाईकाच्या अज्ञानावर बोट ठेवायचा त्याचा अधिकार मला तरी दिसत नाही.

मेलेल्या ठिपक्यांचं थोडक्यात सांगतो. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येकात तीन रंगांचे तुकडे. त्यातला एखादा कायमचा काळा किंवा कायमचा पेटलेला निघाला की "एवढं चालतंच, स्टँडर्ड आहे" असं उत्तर मिळतं. स्टँडर्ड आहे खरं, आयएसओ ९२४१-३०७. पण ते पडद्यांचे वर्ग पाडतं. सर्वांत वरच्या वर्गात एकही दोष चालत नाही. खालच्या वर्गांत दशलक्ष ठिपक्यांमागे ठरावीक संख्येपर्यंत चालतो. कंपनी कोणता वर्ग पाळते हे तिच्या वॉरंटीच्या धोरणात पाहावं लागतं. स्टँडर्डचं नाव घेणाऱ्याला वर्ग कोणता म्हणून विचारा, बोलणं तिथेच थांबतं.

'पुण्याला न्या' याचंही तसंच. वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नव्हे. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर सिरियल नंबर सांगून तक्रार थेट नोंदवता येते. अनेक मॉडेलांना घरी येऊन दुरुस्तीची सोय असते. आपला पिन कोड तिच्यात बसतो का हे फोनवर कळतं. महत्त्वाचा तो तक्रार क्रमांक आणि त्यावरची तारीख. दुकानात तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालण्याआधी एक फोन करायला हरकत कसली?

उरला बिलाखालचा शिक्का, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. बदलून मागायला गेलेल्या माणसासमोर हा शिक्का कायदा असल्यासारखा धरला जातो. कायदा वेगळं बोलतो. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४७) मध्ये, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत. दिलीच नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे मुदत छापायची नाही आणि शिक्का मारायचा, ही युक्ती दुकानदाराच्याच अंगावर येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार जिल्हा आयोगापर्यंत न्यायची वेळ आली तर ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात ती दाखल करता येते. माल ऑनलाइन मागवला असेल आणि विकणारा बंगळुरूचा असेल तरीही पुणे जिल्ह्याचा आयोग चालतो. कागद ऑनलाइन भरता येतात आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, त्याच जिल्ह्यात पन्नास हजारांची वस्तू घेणारा माणूस रबरी शिक्क्यापुढे मान तुकवतो, याचं मला नवल वाटतं.

दुकानदारांची बाजू मला कळत नाही असं नाही. ऑनलाइन विक्रीनं त्यांचा नफा चिमटीत मावेल इतका उरलाय. यंत्र बदलून देणं त्यांच्या हातात नसतं, वितरक त्यांना महिनाभर झुलवतो, आणि गिऱ्हाईकाचे शिव्याशाप मात्र त्यांनाच. पण मग हे सगळं टाळायची जागा त्यांचंच काउंटर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून जुनी यंत्रं टाकून नवी घेणारे वाढले. जून-जुलैत बारामतीच्या विद्यानगरीत प्रवेश घेणाऱ्या पोरांची गर्दी असतेच. विकताना डबा गिऱ्हाईकासमोर उघडावा. चमक पूर्ण करून पडद्यावर एकदा सगळं पांढरं, एकदा सगळं काळं चित्र लावावं. झाकण पूर्ण मागे न्यावं आणि परत आणावं. चार्जर काढून पाहावं. दुकानातल्या टीव्हीला जोडून पाहावं. चहा येईपर्यंत हे उरकतं. मग बिलावर पॅनेलचा प्रकार, सिरियल नंबर आणि 'पडदा तपासून दिला' एवढं लिहून दोघांनी सही करावी, आणि बदलून देण्याची मुदत आकड्यात घालावी. हे करायला तयार नसलेल्या दुकानदारानं आठवड्यानं परत आलेल्या माणसाला त्याच्या घरच्या लाईटीबद्दल एक अक्षरही बोलू नये.